सुखदेवला धरलं होतं

दौलतचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एरवी हा माणूस फोनवर आधी शिवी हासडतो आणि मग बोलतो. त्या सकाळी नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाला, "सुखा गेला गा, पोस्टमास्तर." मी विचारलं, कोणता सुखा? जसा काही आमच्या आयुष्यात दुसरा कुणी सुखा होता... नळाला पाणी आलं म्हणून सुखदेव उठला, बादली भरली, उचलली आणि अंगणातच खाली बसला. वहिनींना वाटलं, दम घेत असतील. त्या आत चहा टाकायला गेल्या. ज्याच्या दमाच्या गोष्टी पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत सांगितल्या जायच्या, तो एका बादलीनं खाली बसेल हे त्या बाईला तरी कसं सुचावं!

मित्र गेल्यावर माणूस रडतो. मलाही रडायचं होतं, पण श्रद्धांजली सभेनं ते राहून गेलं. तिथे जो राग आला तो अजून उतरलेला नाही आणि हा लेख मी त्या रागातच लिहितो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही म्हणणं नाही.

सुखदेव आमच्या पांढुर्ण्याच्या बौद्ध वस्तीतला, माझ्या घराच्या तीन दारं पलीकडचा. जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. पण ही त्याची ओळख नव्हे. त्याची ओळख कबड्डी. सभा विहारासमोरच्या मांडवात होती. वस्तीतले दोघे-तिघे बोलले. मग माईक गेला एका पांढऱ्याशुभ्र कुडत्याकडे. हे गृहस्थ आमच्या तरुणपणी सौंसरकडच्या एका गावाच्या संघाचे कप्तान होते, आज तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली आजची पोरं वेगळी आहेत. कप्तानाचंही लिहीत नाही, त्यांना कळेलच. ते म्हणाले, "सुखदेवभाऊ म्हणजे वारा! आमच्या गावात येऊन खेळले, पण आमच्या एकाही पोट्ट्याले त्याईले धरता नाही आलं. एकदा तर घमेंडीत मधातच ओरडले, धरा म्हणून! असा अजिंक्य माणूस!" मांडव हसला. हसल्यावर टाळ्याही वाजल्या. मग त्यांनी जाहीर केलं की येत्या हिवाळ्यात सुखदेवच्या नावानं स्पर्धा भरवणार, आणि बॅनरवर त्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत ओळ टाकणार, 'ज्याला कोणी धरू शकलं नाही'.

माझ्या शेजारी दौलत बसला होता. त्याने मान खाली घातली आणि स्वतःचे दोन्ही तळहात पाहत बसला. ते तळहात काय आहेत हे त्या मांडवात मला माहीत होतं आणि कप्तानालाही माहीत होतं.

आता नीट सांगतो. आमचं मैदान जिनिंगच्या मागे होतं. कपाशीचा हंगाम उरकला की आम्ही माती चाळायचो, खडे वेचायचो, पाणी मारायचो आणि फक्कीच्या रेषा ओढायचो. बनियनी घरीच निळीत बुडवलेल्या, त्यामुळे पहिल्या घामाला सगळ्यांच्या पाठी निळ्या. सुखदेव उंच नव्हता. चढाईला जाताना चवड्यांवर जायचा, आवाज बारीक ठेवायचा, आणि समोरच्याला वाटायचं हा आता परततोय, तेवढ्यात याचा हात लागलेला असायचा. पण खेळात त्याला सर्वांत जास्त काय आवडायचं विचाराल तर पकडीतून सुटणं. दोघे पायाला, एक कमरेला लटकलेला, आणि हा सगळ्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत आणतोय... तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं असायचं. कधी रेषा मिळायची, कधी नाही. नाही मिळाली की चारजणांखालून उठून म्हणायचा, "काय धरलं बे! वा!"

कप्तानाच्या त्या गावची स्पर्धा खुली होती. चिठ्ठीत आमचं नाव यजमानांसमोरच आलं. यांच्यासोबत खेळत नाही असं उघड म्हणायची सोय नव्हती, कारण ठाणेदार पाहुणा म्हणून पहिल्या रांगेत बसलेला. मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. सुखदेव चढाईला गेला की सगळा संघ मागच्या रेषेला चिकटायचा. तो जवळ गेला की ज्याच्याजवळ गेला तो आपण होऊन मैदानाबाहेर पाय टाकायचा. बाहेर पाय पडला की बाद, म्हणजे गुण आम्हाला. त्यांचे चढाईवाले आमच्या अंगणात यायचे, चढाई धरली जावी म्हणून निदान रेषा तेवढी ओलांडायचे आणि आमचा हात पोचायच्या आत परत. आधी आम्हाला वाटलं, घाबरले. मग बाजूला खाटेवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचा आवाज ऐकू आला, "हात नोका लावू रे! जाऊ द्या गुण!" आणि सगळं स्वच्छ समजलं. अहो, कबड्डी! ज्या खेळात शिवल्याशिवाय काहीच घडत नाही, तो खेळ ही माणसं न शिवता खेळून राहिली होती, आणि ठाणेदार टाळ्या वाजवत होता.

सुखदेवला ते पाच-सहा चढायांनंतर उमगलं. पुढच्या चढाईला तो त्यांच्या अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. हात पसरले. कबड्डी, कबड्डी, कबड्डी... कुणाकडे गेला नाही, कुणाला शिवला नाही. नुसता उभा. डोळ्यांत पाणी आलेलं मला आमच्या अंगणातून दिसत होतं. आणि मग खेळाडूनं कधीच करू नये ते त्याने केलं. दम मध्येच सोडला आणि ओरडला, "धरा ना बे मले! पाय धरा, कंबर धरा, काहीतरी धरा!" दम तुटला म्हणून पंचांनी शिट्टी वाजवून त्याला बाद दिलं. कप्तान म्हणतात ती घमेंड ही!

सामना आम्हीच जिंकलो. परतताना संत्र्याच्या रिकाम्या ट्रकमध्ये पोरं नाचत होती. सुखदेव कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मी म्हटलं, "काऊन बे तोंड पाडून बसला? जिंकलो ना आपण!" तो म्हणाला, "तू जिंकला असंन. मले कोणी हातच नाही लावला यार." ढाल हातोहात फिरत त्याच्यापर्यंत आली तर त्याने ती न धरताच पुढे ढकलली.

पुढच्या हिवाळ्यात तो आम्हाला पुन्हा त्याच गावात घेऊन गेला. मी नको म्हटलं होतं. शेणात दगड टाकून अंगावर का उडवून घ्यायचं? त्याने ऐकलं नाही. पुन्हा तोच तमाशा सुरू झाला. त्यांच्या डाव्या कोपऱ्याला त्या वर्षी एक नवा पोरगा होता, काळा, रुंद खांद्यांचा. सुखदेव त्याच्याजवळ गेला. पोरगा मागे सरकला, रेषेपर्यंत गेला, आणि थांबला. सुखदेव वळला तसा तो खाली झेपावला आणि त्याने दोन्ही हातांनी सुखदेवचा घोटा धरला. काय धरला! सुखदेव तोंडावर आपटला, हनुवटी फुटली, रक्ताची धार लागली. त्यांच्या संघातलं कुणीच पोराच्या मदतीला आलं नाही, पण त्यानं घोटा सोडला नाही. सुखदेव मातीत पालथा पडून हात लांब करत होता. रेषा वीतभर राहिली आणि दम संपला. बाद. मैदान एकदम गप्प. त्या शांततेत सुखदेव हसत होता. रक्तानं भरलेल्या तोंडानं, लहान पोरासारखा हसत होता आणि म्हणत होता, "धरलं! धरलं बे यानं मले!" मग खाटेवरून तोच आवाज आला, "दौलत, घरी चाल तू."

हनुवटी शिवायला सुखदेवला न्यावं लागलं, आणि त्याच्याशिवाय तो सामना आम्ही हरलो. सुखदेवच्या आयुष्यातला सर्वांत आवडता सामना तोच.

खाटेवरचा म्हातारा दौलतचा आजा होता. घरची कपाशी, संत्र्याचा बगीचा, गावात मान. दौलतला विहिरीवर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडू दिला नाही, हिवाळ्यात, उघड्यावर. कित्येक दिवस त्याचं ताट गोठ्यात जायचं. संघातून त्याला काढलं, आणि काढणारा होता कप्तान. आपल्या मित्राला त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "तुया हाताची ढाल आमाले नोको." हे दौलतनं आम्हाला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही हसत. मला नाही हसू आलं. पुढच्या हंगामात तो सायकल हाणत पांढुर्ण्याला आला आणि आमच्या मैदानाबाहेर उभा राहिला. सुखदेवनं पाहिलं, निळी बनियन त्याच्या अंगावर फेकली आणि म्हणाला, "डावा कोपरा तुया." तेव्हापासून तो आमचा.

त्या सामन्यात हनुवटीला टाके पडले होते. दुसऱ्याच दिवशी सुखदेव पट्टी बांधून बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेला. फोटोवाला म्हणाला, पट्टी निघू दे, मग काढू. हा म्हणाला, "पट्टीचाच काढायचा हाय." तो फोटो त्याच्या घरात टीव्हीच्या वर, खिळ्याला. दाढी त्याने कधी वाढवली नाही. व्रण दिसला पाहिजे म्हणून रोज घोटून करायचा. टीव्हीवर कबड्डीची लीग सुरू झाल्यापासून आम्ही जुनी खोडं संध्याकाळी त्याच्याकडे जमायचो. गुडघे कामातून गेलेले, पण तोंडं शाबूत. याने त्या वर्षी कुणाला कसं उचललं, त्याची चड्डी कशी फाटली, तेच ते. सुखदेव मात्र एका बाबतीत विचित्र होता. चढाईवाला कोणत्याही संघाचा असो, अगदी आपल्या आवडत्या संघाचा असो, त्याची पकड झाली की हा जोरात टाळी वाजवायचा. एकच, खणखणीत. वहिनी दर वेळी स्वयंपाकघरातून करवादायच्या, "आपला माणूस बाद झाला, अन् हे टाळ्या पिटून राहिले! अक्कल गहाण ठेवली का?"

म्हणून त्या सभेत मी उभा राहिलो. माईक कुणी दिला नाही, माईकशिवाय बोललो. म्हटलं, "सुखाले धरणारा माणूस इथंच बसून राहिला. त्याचं नाव दौलत. अन् बाकीच्याईनं काऊन नाही धरलं, तेही सांगा ना कप्तान." मांडवात चुळबुळ झाली. कप्तान गोड हसले. "भाऊ, जुन्या गोष्टी कायले उकरता? आज त्याईचा दिवस हाय." हो, त्याचाच दिवस होता! म्हणूनच सांगायचं होतं. जिवंतपणी ज्याला हात लावला नाही त्याच्या फोटोला हार घालायला यांना काही वाटत नाही. आणि वर आपल्या विटाळाला त्याची अजिंक्यता म्हणतात! पांढुर्ण्याचा आता जिल्हा झाला, रस्ते रुंद झाले, बॅनरही मोठे झाले. त्या मोठ्या बॅनरवरची ती एक ओळ खरी मानली, तर सुखदेवचं त्या दिवशीचं हसू झालंच नाही, आणि दौलत हिवाळ्यात विहिरीवर उगाच कुडकुडला. ती ओळ मी मरेपर्यंत खोडत राहणार आहे.

परवा आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. वहिनींनीच निरोप धाडला होता, लीग सुरू झाली, या म्हणून. त्याची खुर्ची रिकामी, दौलत खाली चटईवर. तेवढ्यात कप्तानाकडची दोन पोरं आली, बॅनरसाठी फोटो हवा होता. वहिनींनी खिळ्यावरची तसबीर काढली, पदरानं पुसली आणि पुढे केली. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. "काकी, याच्यात त्याईच्या हनुवटीले पट्टी हाय. दुसरा चांगला नाही का?"

"हाच चांगला हाय," वहिनी म्हणाल्या. "याच्यात त्याईले धरलेलं हाय. न्यायचा तं हा न्या, अन् ज्यानं धरलं त्याचं नाव खाली लिहा. तो पाहा, चटईवर बसला हाय."

भाऊंना विचारून सांगतो म्हणून पोरं कप्तानाकडे गेली. अजून आली नाहीत. तसबीर पुन्हा खिळ्याला लागली. टीव्हीवर सामना चालूच होता. वहिनी पोळ्या लाटायला आत गेल्या. आमच्या आवडत्या संघाचा चढाईवाला खोल गेला, वळला, आणि कोपऱ्यातल्या पोरानं खाली झेपावून त्याचा घोटा धरला. चढाईवाला रेषेच्या अलीकडे आडवा. टीव्हीवाला पकड झाली म्हणून ओरडला. दौलतनं हात उचलले आणि तसेच मांडीवर ठेवले, त्याला ते जमेना... तेव्हा स्वयंपाकघरातून टाळी वाजली. एकच, पिठाच्या हातांची.