आबांनी सोडलेली अफू

“आबांनी मनात आणले आणि एका महिन्यात अफू सोडली, पुढे मरेपर्यंत तिला हात लावला नाही.” माझे चुलतबंधू हे वाक्य गेली कित्येक वर्षे प्रत्येक लग्नमांडवात आणि प्रत्येक तेराव्याला ऐकवतात, आणि ऐकणारे माना डोलावतात. त्या घरात मी राहत होतो; ते राहत नव्हते. तेव्हा एकदा नीट लिहून ठेवतो.

आबा म्हणजे माझे वडील, पनवेलच्या खाडीकाठी मिठागरावर मुकादम होते. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभे राहून पाय ठणकत, म्हणून त्यांनी अफू सुरू केली, आणि त्यात लाजण्यासारखे कोणालाच काही वाटत नसे. स्वातंत्र्यानंतर ती परवान्यावर मिळू लागली. परवान्यावरची मात्रा वर्षागणिक घटत गेली आणि अखेर परवानाच बंद झाला. त्या आठवड्यात आबांचे नाकडोळे वाहत होते, जुलाब थांबत नव्हते. ज्यांच्या एका हाकेला सारे मिठागर उभे राही, ते गोधडीत तोंड खुपसून कण्हत होते. चुलतबंधूंचा ‘मनोनिग्रह’ तो हाच.

आठव्या दिवशी आई म्हणाली, “बाजारात चाललास तं बालगोल्या आन.”

मिठागरावर जाणाऱ्या बायका तान्ही मुले झोपून राहावीत म्हणून त्यांना अफूची ही बारीक गोळी चाटवत. बंदीनंतरही एका दुकानात ती गुपचूप मिळे.

“कोणासाठी?” मी विचारले.

“शालेत मास्तर झालास नं? येवढं समजत नाय?”

मी आणल्या. मग दर बाजाराला आणू लागलो. दुकानदार डोळे मिचकावून म्हणे, “काय मास्तर, पोर अजून झोपत नाय? आता तं चालाया लागलं असंल!” मी हसत असे. खोटे बोलणाऱ्या मुलांना वर्गात छड्या मारणारा मी.

एका बाजाराच्या दिवशी मी ठरवून हात हलवत परतलो. आबांनी माझी पिशवी उलटी केली, झटकली, शिवणीत बोटे घालून पाहिली. मग माझ्यापुढे हात जोडले. “मास्तर,” ते म्हणाले. जन्मात त्यांनी मला अरेतुरेशिवाय हाक मारली नव्हती. “मास्तर, येक तरी द्या वो.”

मी अनवाणीच दुकानाकडे पळालो. त्यानंतर नाही म्हणण्याचा धीर मला कधीच झाला नाही. दिवसाला चार लागत, त्या दहा झाल्या. आम्ही मायलेक नुसते पाहत राहिलो, आणि एका सकाळी आबा उठले नाहीत.

हे ऐकवले की चुलतबंधू म्हणतात, “बाळगोळ्या तुझ्या पोरासाठी येत होत्या. आबांवर कशाला ढकलतोस?”

माझे पहिले अपत्य आबांच्या वर्षश्राद्धानंतर जन्मले.