घोळीतलं मीठ

दोन दिवस मी सुनेले बोलली. घोळीची भाजी खारट झाली होती. "मीठ टाकाचा हात आहे का फावडं?" म्हनलं. तिसऱ्या दिवशी तिनं भाजीचा गंजच माह्यासमोर आपटला. "आज मीठ टाकलंच नाई, आई. चाखा."

चाखलं. तरी खारट.

तशीच घरामागच्या वाडीत गेली. घोळीचं कच्चं देठ चावलं. मीठच!

मालक गेले तवापासून याच घोळीवर मी तिरोड्याच्या बजारात बसते. उन्हाळ्यात बाकीची भाजी जळते, घोळ पानात पानी धरून राहते. औंदा देठं लालभडक, पानं लहान अन् जाड झाले, मले वाटलं ऊन लागलं. पन माती ओली अन् झाड तहानलेलं, दुपारी लोळून जाये. उपटून पाह्यलं, मुळाचे शेंडे काळे. मातीवर पांढरी पापडी. वीतभर वाढली नाई तं फुलली, बी सांडून मोकळी. मरायची घाई असल्यावानी.

वरच्या अंगाले माह्या पुतन्याचं घर. तो बोदलकस्याच्या तलावातली मासोळी आनून ड्रमात मिठात घालते, मंग वाळवते. ड्रमाचं पानी माह्या वाडीत सोडून राहिला होता.

"काऊन रे, तुह्या दारात नाली नाई?"

तो हासला. "काकी, घोळ म्हंजे कचराच तं आहे. कुठंही उगवते. तुमचं मीठ वाचलं न!"

"लहानपनी माह्या चुलीपाशी बसून हाच कचरा दोन-दोन वाट्या खायचास!"

"मंग मेली का? जगूनच राहिली न."

जगते म्हनून काहीही ओतायचं तिच्यावर? कशी जगते हे कोनी पाह्यलं? वाढनं सोडते, खार पानात कोंबते, तवा जगते.

मागच्या बजारी तिरोड्यात एक गिऱ्हाईकीन म्हनली होती, "बाई, वजन वाढवाले मिठाच्या पान्यात बुडवता का?" मी तिले चार गोष्टी सुनावल्या होत्या. इतक्या वर्षांत मले असं कोनी म्हनलं नव्हतं.

सून म्हनली, धुवून विकू. मी म्हनलं, नाई. सारी उपटली अन् पुतन्याच्या दारात ढीग लावला. "चाल बजारात. सांग सगळ्याइले, मीठ कोनं टाकलं."

तो काई आला नाई. दार लावून घेतलं.

मी रिकामी टोपली घेऊन बजारात गेली. थे गिऱ्हाईकीन दिसली तशी तिले थांबवलं.

"बाई, भाजी खारट होती, तुमचं खरं आहे. पन म्या बुडवली नाई."