आईनं कोर्टात दिलेलं उत्तर

मंडळी, आज दुपारी कळमेश्वरचं एक जोडपं माझ्याकडे आलं. मी नागपूरला वकिली करते. बाळंतपणात ओढाताण झाल्यानं त्यांच्या बाळाचा हात लुळा पडलाय.

बाई म्हणाली, "ताई, आमच्यासारख्यांचं कोर्ट ऐकते का?"

मी माझा उजवा हात वर केला. तो खांद्याच्या वर जात नाही. मग तिला आईची गोष्ट सांगितली.

ऐंशीच्या दशकात मी जन्मले, तेव्हा दवाखान्यानं सांगितलं की पोरगी असाच हात घेऊन आली. आईला ते पटलं नाही. ओळखीच्या एका वकीलकाकांनी फी न घेता दावा लावला. मी शाळेत जायला लागले, तरी तारखा सुरूच होत्या.

शेवटी आई साक्षीला उभी राहिली. समोरच्या वकिलानं विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

आई म्हणाली, "नाही जी. पण लेकराले ओढून राहिले होते, तवा मी शुद्धीवर होती. 'डॉक्टर, हळू' असं नर्सबाई म्हणाली, ते मी ऐकलं. तिले बोलवा नं, विचारा."

नर्सला बोलावलं. ती खरं बोलली. आम्ही जिंकलो.

हे ऐकून बाईनं डोळे पुसले. "लिहा ताई अर्ज," ती म्हणाली.

संध्याकाळी आईला हे सांगितलं, तर ती म्हणते, "तिच्या साक्षीच्या दिवशी मले घेऊन जाजो वं. मी तिच्याजवळ बसीन."

अशा आईची मी लेक! तुमच्या घरात असं ठामपणे कोण उभं राहिलं होतं?