डाव्या बाजूची खंजिरी

भोसरीच्या कारखान्यात दशरथ ओव्हाळांच्या डाव्या कानाला साहेबांपेक्षा जास्त मान होता. तिथे तीनचाकी टेम्पोचे गिअरबॉक्स बनत आणि बनलेला प्रत्येक गिअरबॉक्स दशरथरावांच्या काचेच्या खोलीत येई. तो बाकावर चढवून फिरवला की ते पोलादी सळीचं एक टोक त्याच्या पाठीला लावत, दुसरं डाव्या कानाला, आणि डोळे मिटून घेत. दाताला दात नीट बसला असेल तर आतून एकसारखी सरसर येते. नसेल तर बारीक शिट्टी येते, आणि तसा गिअरबॉक्स पुढे कधीतरी भर रस्त्यात दात तोडतो. शिट्टी नसली की खडूनं ‘ओके’ आणि खाली ‘द. ओ.’. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

नव्या कामगारांना ते एकच गोष्ट शिकवत. आधी जागा बदला. शिट्टी आली तर गिअरबॉक्स शेजारच्या बाकावर न्यायचा. शिट्टी त्याच्याबरोबर गेली तर खोट गिअरबॉक्समध्ये. मागे राहिली तर बाकात. तोवर पान्याला हात लावायचा नाही. घरीही त्यांनी हे इतकं चालवलं होतं, की मिक्सर बंद पडला तर त्यांची बायको हिरा आधी तो दुसऱ्या प्लगला लावून बघायची आणि मगच कुरकुर करायची.

मुलगी सोनाली हिंजवडीला नोकरीला लागली तेव्हा तिनं वडिलांना एक किट मागवून दिलं. “कॉम्प्युटरमध्ये गाणं म्हणजे नुसते आकडे असतात, पप्पा. या आकड्यांचा परत आवाज करायचं काम हा करतो. याला डॅक म्हणतात. सगळे पार्ट सुटे आहेत, तुम्हीच जोडा.” दशरथराव वाघोलीच्या फ्लॅटमध्ये गॅलरीच्या दाराशी स्टूल घेऊन बसले आणि चार रविवारांत त्यांनी तो डबा जोडला. सोनालीनं तोवर आजोबांची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली होती. दशरथरावांच्या वडिलांची जलसा पार्टी होती. चौदा एप्रिलच्या एका कार्यक्रमात कुणा हौशी माणसानं दोन माइक लावून ती रेकॉर्ड केली होती. उजव्या माइकपाशी ढोलकी, डाव्यापाशी वडील, हातात खंजिरी. डबा पहिल्यांदा चालू झाला तेव्हा डाव्या स्पीकरमधून खंजिरीच्या चकत्या अशा खळाळल्या, की दशरथराव उठून उभेच राहिले. हिरा म्हणाली, “मामंजी आले की काय!” आणि पदर सारखा करायला गेली. ती चेष्टा करत होती, पण पदर मात्र तिनं खरंच सारखा केला.

तीन वर्षं बरी गेली. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात खंजिरी मंद वाटू लागली. थाप ऐकू येई, चकत्या येत नसत. ढोलकी मात्र ठणठणीत होती. दशरथराव तापकीर गल्लीतल्या सुट्या पार्टच्या दुकानात गेले, कपॅसिटर आणले, जुने उपटून नवे लावले. दोन दिवस चकत्या आल्यासारख्या वाटल्या. मग गेल्या. त्यांनी आयसी बदलला. मग वायरी. दुकानदार म्हणाला, “आता फक्त डबा जुना राहिलाय, ओव्हाळ. तोही देऊ का?” दशरथराव हसले नाहीत. एरवी त्यांनी त्याला तिथल्या तिथे टोला परत केला असता.

खरी गोष्ट सांगायची तर ते भ्यायले होते. डब्याच्या मागे दोन पिना होत्या, एक लाल, एक पांढरी. त्या अदलाबदल केल्या की डावीकडचा आवाज उजवीकडे जाणार आणि खोट कुठे आहे ते समोर येणार. अर्ध्या मिनिटाचं काम. बावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलेलं. चांगला डबा पुन्हा पुन्हा उसवला या माणसानं, पण त्या दोन पिनांना शिवला नाही. एकदा हात तिथवर गेला होता. पण आपण धूळ पुसायलाच आलो होतो असं दाखवत त्यांनी बोटानं कड पुसली. आवाज मंद करणारी खोट डब्यात नसेल तर कुठे, हे त्यांना विचारायचं नव्हतं. कान गेला तर काचेची खोली गेली. चौपन्नाव्या वर्षी दुसरं काय करणार? त्याच्यापुढचा एक विचार होता, तो तर ते मनाशीही पुरा होऊ देत नसत.

त्यात कारखान्यातली कानाची तपासणी तोंडावर आली. कानावर यंत्र चढवून बसवतात, बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. आवाज सोडणाऱ्या माणसाचा खांदा दर वेळी किंचित हलतो, हे दशरथरावांनी गेल्या वर्षीच हेरलं होतं. या वर्षी खांद्याकडे बघून बटण दाबायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. सरळमार्गी म्हणून ज्याची ख्याती, त्याला भीतीनं इथवर आणलं होतं.

तपासणी सोमवारी होती. शनिवारी त्यांनी नवा, जड ट्रान्सफॉर्मर बसवला. रविवारी सकाळी आंघोळ करून ते खुर्चीत बसले आणि गाणं लावलं.

चकत्या खळाळल्या. पहिल्या दिवसासारख्या, एकेक सुटी.

“हिरा,” ते ओरडले, “आला गं आवाज. ट्रान्सफॉर्मरच होता तो.” किती महिन्यांनी त्यांची छाती मोकळी झाली. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी आनंदानं वडिलांच्या आवाजाकडे मान वळवली.

मान उजवीकडे वळली होती.

वडील उजवीकडे कसे?  मग हळूच मान सरळ करून त्यांनी डावीकडची ढोलकी ऐकली. घुमारा येत होता. पुडीच्या काळ्या शाईवरची बारीक टिचकी येत नव्हती.

हिरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हाताला कणीक होती. “तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी पिना बदलल्या,” ती म्हणाली.

“का?”

“गेला महिनाभर डावीकडून बोलले की तुम्ही उत्तर देत नाही. आधी वाटलं रुसलात. मग वाटलं, इतके दिवस रुसायला मी काही केलं नाहीये.” तिनं बोटांची कणीक खरवडली. “मला एकटीला भीती वाटत होती, अहो.”

दशरथरावांना राग येईना. “मलाही,” ते म्हणाले. हिरा येऊन त्यांच्या उजव्या बाजूला बसली.

सोमवारी ते तासभर लवकर कारखान्यात गेले. शनिवारी पास केलेले बारा गिअरबॉक्स लाकडी घोडीवर मांडून रवाना व्हायला तयार होते, बाराही ओके, द. ओ. त्यांनी पहिला बाकावर चढवला आणि सळी आयुष्यात पहिल्यांदा उजव्या कानाला लावली. सरसर. दुसरा. सरसर. तिसऱ्यानं स्पष्ट शिट्टी घातली. बारा संपेपर्यंत चार निघाले. त्या चारांवरचं आपलं नाव त्यांनी तळहातानं पुसलं आणि सुपरवायझर हिंमतरावांना बोलावून सगळं सांगितलं. खांद्याचंही सांगितलं.

हिंमतरावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. “तुमच्या ओकेवर आम्ही कधी दुसरा कान लावला नाही, दशरथराव,” ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

“पावसाळ्यापासून, साहेब. त्याच्या आधीचं मला माहीत नाही.”

हिंमतरावांनी रवानगीची फाईल मागवली. पावसाळ्यापासून गेलेल्या गाड्या परत बोलवायला लागतील, असं ते फोनवर कुणाला तरी सांगत होते. काचेच्या खोलीला कुलूप लागलं. नोकरीचं काय, ते दशरथरावांनी विचारलं नाही. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ते मनाशी तेवढीच भीती कबूल करत, आणि आता ती लहान वाटत होती.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये ते नेहमीच्या जागेवर बसले आणि पुन्हा उठले. त्यांनी शेजारच्या माणसाला विनंती केली, “जागा बदलू या का? मला खिडकी उजवीकडे पाहिजे.” बस नगर रस्त्याला लागली. खराडीच्या पुढे गर्दीत ती रांगत होती आणि बाजूनं टेम्पो चालले होते, कशात भाजी, कशात बाया-पोरं. दशरथरावांनी काच सरकवली, डोळे मिटले आणि कान लावला. पहिला गेला, तो नीट होता. दुसरा आला.