त्या किल्ल्यात कोण राहतं

"बोटीनं आली तरी सुरंगीचा वास कसा टिकलाय बघ!" गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या वहिनी कुणाला तरी म्हणत होत्या. फुलवालीकडून घेतलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर त्यांच्या हातात होता. त्या वासासरशी मला शाळेतला जुना वर्ग आठवला.

बाई एका साहेबाचं प्रवासवर्णन वाचून दाखवत होत्या. मालवणला भर समुद्रात किल्ला, आत शिवाजी महाराजांच्या हातापायांचे ठसे, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या विहिरी. "आता मात्र तो ओसाड आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

"भुतं राहत असतील गं!" माझ्या शेजारची मुलगी कुजबुजली. सगळ्या खुसखुसल्या.

मला दिसत होती त्या किल्ल्यातली दूधबाव नावाची विहीर, आणि केसांत सुरंगी माळून तिचं पाणी शेंदणारी माझी आई. शिकायला मला मामाकडे धाडताना ती होडीपर्यंत येऊन नुसती उभी राहिली होती. वर्गात मी मान वर केली नाही. बाईंनी सांगितलं तसं वळणदार इंग्रजीत वहीत लिहिलं, 'तिथे कोणीही राहत नाही.'

तेव्हा मुली हसतील एवढीच भीती होती. आता आईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि ती ओळ काही पुसली जात नाही.

वहिनींनी वळेसर माझ्यापुढे धरला. "मालवणचा आहे म्हणे. तिकडे समुद्रात किल्ला आहे ना? त्यात माणसं राहतात का गं?"

"राहतात," मी म्हणाले. "माझी आई तिथेच राहायची."