चावत नाय, प्रेम करतो

मांडवाच्या धंद्यात खुर्च्या मोजून जातात, मोजून येतात. किस्से मात्र न मोजता घरी येतात. आमच्या गोडाऊनमध्ये आता पातेल्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेत. त्यातले कुत्र्याचे तेवढे आज सांगते, बाकीचे सांगितले तर काका मला टेंपोखाली घेईल.

मी प्राजू. दहावीत गणितानं मला उडवलं, म्हणून परत बसेपर्यंत शेणवे गावात बाळाकाकाकडं राहते आणि खुर्च्यांना कव्हरं घालते. काकाचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. बांबूवर माकडासारखा चढतो तो राघूदादा, कामाला. आणि सगळ्यांच्या वर काकी. म्हणजे बांबूच्या पण वर.

तर एक दिवस चहा पिता पिता काका बोलला, "मी नुसता डोळा वटारला ना, कितीपन खवीस कुत्रा असू दे, खाली बसतो!"

राघूदादानं चहा नाकातून काढला. मी बोलले, "मुरबाड रोडला ते कुत्र्यांचं शेल्टर हाय ना? चला. एक जरी कुत्रा खाली बसला तर सगळी लग्नसराई मी पातेली घासीन. नाय बसला, तर जो पयला अंगावर येईल तो घरी आणायचा."

शहाणा माणूस इथं गप बसला असता. काकानं मिशीवर हात फिरवला न बोलला, "चल, आत्ता!"

राघूदादानं टेंपो आधीच चालू केला होता.

शेल्टरमध्ये काका मधोमध उभा राहिला, कमरेवर हात, डोळे असे मोठे. सगळे कुत्रे भुंकायला लागले. एक सोडून. तपकिरी, एक कान उभा न एक पडलेला, तो लांबून धावत आला आणि दोन्ही पाय काकाच्या छातीवर! पयला चष्मा चाटला, मग मिशीतला चहा चाटला. काका तरी डोळे वटारूनच होता. चष्म्यावर लाळ होती म्हणून कुणाला दिसलं नाय, एवढंच.

तिथली ताई बोलली, "हा दोन घरातून परत आलाय हं."

"का? चावतो?"

"नाय हो. प्रेम करतो. ते लोकांना झेपत नाय."

मग ती जरा हळू बोलली, "महिन्यानं मी बघायला येईन. नाय जमलं तर परत नेईन. पण तिसऱ्यांदा परत आलेल्याला मग कोण मागत नाय."

येताना टेंपोत कुणीच हसलं नाय. मी पण नाय. कुत्रा तेवढा काकाच्या मांडीवर बसून रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला बघून शेपूट हलवत होता.

दारात काकी उभी. "हे काय जनावर? गोडावनची राखन करील? चोरावर भुंकल?"

"भुंकल की," काका बोलला.

"महिनाभर बघीन. नाय भुंकला तर ज्या टेंपोतनं आला त्याच टेंपोतनं जाईल. ऐकलंव?"

सगळ्यांनी ऐकलं. कुत्रा काकीच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता.

*

गावात पयल्याच दिवशी तो घरोघरी फिरला. प्रत्येक दारात गेला, प्रत्येकाला पंजा दिला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, लहान पोरांचे गाल चाटले.

राघूदादा बोलला, "निवडनुका लागल्या का काय?"

तेव्हापासून नाव उमेदवार.

*

आता राखणीचं ऐका. भर दुपारी आमी जेवायला घरात, न गोडाऊनला कोणतरी छोटा हत्ती टेंपो घेऊन आला. दोन पोरं. उमेदवारनं त्यांचं असं स्वागत केलं जसं काय व्याहीच आले. त्यांनी खुर्च्या भरल्या, आपल्या बापाच्या असल्यासारख्या. आमी पोचेस्तोवर गाडी गेली. खुर्च्या गेल्या. आणि कुत्रा पण गेला! खुर्च्यांवर चढून बसला असणार, फिरायला मिळतंय तर.

काकीनं काय काय ऐकवलं ते मी लिहीत नाय.

संध्याकाळच्या आत तोच छोटा हत्ती परत. दोघं पोरं रडकुंडीला आलेली. "ओ काका, घ्या तुमचा कुत्रा! गाडीतून उतरवला तर मागं धावतोय, घरी गेलो तर आजीच्या खाटेवर जाऊन बसला. आजी विचारते, कोणाचा? सांगू काय तिला?"

"आन खुर्च्या?" काकी बोलली.

"त्या पण घ्या! आजीनंच सांगितलं, दोन्ही देऊन या, नायतर घरात पाय ठेवू नका."

काका छाती फुगवून बोलला, "बघ! चोर सोता येऊन माल देऊन गेला. याला राखन नाय बोलत तर काय बोलतात?"

काकी बोलली, "भुंकला का?"

"नाय."

"मंग!"

*

म्हणून मी त्याची शिकवणी घेतली. गणितात नापास झाले म्हणून काय झालं, भुंकणं शिकवता येतं.

राघूदादाला डोक्यावर गोणपाट घालायला लावलं, डोळ्यांना दोन भोकं. तो गोडाऊनच्या मागून वाकून वाकून येणार, मी "चोर! चोर! छू!" करणार, न उमेदवार भुंकणार. पयल्या वेळी उमेदवारनं गोणपाट ओढून काढलं आणि राघूदादाचं तोंड चाटलं. दुसऱ्या वेळी पण तेच. तिसऱ्या वेळी राघूदादाला पण मजा यायला लागली, तो आधीच खाली बसून गाल पुढं करत होता.

तेवढ्यात काकी पाणी भरून आली. तिला काय दिसलं, तर भोकं पाडलेलं गोणपाट घातलेला माणूस न शेजारी मी ओरडतेय "चोर!" काकीनं हंडा खाली ठेवला, पातेल्याचं झाकण उचललं आणि राघूदादाच्या टाळक्यात ठाण!

आणि मग उमेदवार भुंकला. आयुष्यात पयल्यांदा. असा भुंकला, असा भुंकला की पलीकडच्या आळीतली माणसं आली!

काकीवर.

त्या दिवशी राघूदादाला टेंगूळ आलं आणि आमाला जेवण उशिरा मिळालं. काकी बोलली, "या घरात मी सोडून सगळे चोर त्याला आपले वाटतात!"

*

मुरबाडकडं एका हळदीला गेलो होतो. मांडव झाला, डीजे लागला, पण नवऱ्याचा मामा रुसून शेताच्या बांधावर जाऊन बसलेला. का, तर पत्रिकेत त्याचं नाव धाकट्या मामाच्या खाली छापलं. मामा येईना म्हणून हळद लागेना, हळद लागेना म्हणून जेवण नाय, आणि जेवण नाय म्हणून वराडी आमच्याच खुर्च्या आपटत होते. नवऱ्याचा बाप गेला, काका गेला, धाकटा मामा गेला न शिव्या खाऊन आला.

मग कुणी न सांगता उमेदवार गेला. मामाच्या शेजारी बसला. पंजा दिला. मामानं तोंड फिरवलं, तर हा त्या बाजूला जाऊन परत पंजा. असं चार बाजूंनी झालं. शेवटी मामानं पंजा हातात घेतला न ओरडला, "या लग्नात मला मान देनारा हा एकटाच! चल रे!"

दोघं मिरवत मांडवात आले. मामानं हळद पयली कुत्र्याला लावली, मग नवऱ्याला.

पुढच्या आठवड्यात फोन आला. "मांडव पायजे. कुत्रा पण आणा, आमच्याकडं दोन जावई रुसनारे हायत."

*

आता हा मात्र माझाच प्रताप. वाशिंदजवळ लग्न होतं. तिथं मोठ्या मोठ्या लोकांना स्टेजवर बोलवून टॉवेल-टोपी देत होते. माइकवाला नावं पुकारून दमला होता. मी हळूच जाऊन त्याच्या कानात बोलले, "उमेदवार साहेब आलेत. नाव नाय घेतलं तर निघून जातील."

तो घाबरला. लगेच माइकवर, "आत्ताच आपल्यामध्ये आलेले, घराघरात पोचलेले, सर्वांचे लाडके उमेदवार साहेब! त्यांनी स्टेजवर यावं ही नम्र विनंती!"

आपलं नाव ऐकून साहेब जेवणाच्या पंगतीतून सुसाट स्टेजवर!

नवरीच्या आजोबांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी गळ्यात टॉवेल घातला, डोक्यावर टोपी ठेवली. साहेबांनी पंजा दिला, हात चाटला.

आजोबांचे डोळे भरून आले. बोलले, "साहेब फारच साधे हायत हो!"

*

असं करता करता महिना भरला. अनोळखी माणसावर उमेदवार अजून एकदा पण भुंकला नव्हता. काकीनं आदल्या दिवशी जेवताना सांगून टाकलं, "उद्या ती ताई येईल. मी बोलले ते बोलले." काका अर्ध्या जेवणातून उठला. मी पण ताटावरून उठले. कशाला खोटं बोलू, रडले.

सकाळी बघतो तर उमेदवार गायब.

काकानं मला धरलं. "प्राजे, कुठं लपवलंस त्याला?"

"आईशप्पथ, मी नाय!"

"तुझ्या शपता मी लय पचवल्यात. बोल!"

राघूदादा पण बोलला, "सांग गो, आता मस्करी पुरे." आयुष्यात पयल्यांदा मी खरं बोलत होते आणि आळीत एक माणूस विश्वास ठेवायला तयार नव्हता!

तेवढ्यात ताईची स्कूटी आली. "कुठाय आमचा हिरो?"

काका बोलला, "आत्ता इथंच होता." राघूदादा बोलला, "नदीवर गेला असल." मी बोलले, "मी नाय केलं." ताईनं तिघांकडं बघितलं, न तिचा चेहरा बदलला. "कुत्रा हरवलात? खरं सांगा मला."

तिचा आवाज गोडाऊनमध्ये घुमला. आणि आतून उत्तर आलं.

ठण.

मग ठण ठण. मग ठणठणठणठण!

आमी आत धावलो. कोपऱ्यात डाळीचा सगळ्यात मोठा टोप, ज्याला उचलायला चार माणसं लागतात. झाकण जरा सरकवलेलं, वारा जाईल एवढं. काकानं झाकण काढलं. आत गोधडी. गोधडीवर भाकरी, भाजलेला बोंबील, न उमेदवार. शेपूट टोपावर वाजतंय. उडी मारून बाहेर आला आणि ताईच्या गळ्यातच पडला.

"प्राजे!!" काका ओरडला.

"आई गो, मी नाय! मला एवढा बोंबील कोन देतं तरी का?"

ताई चेहरा पुसत बोलली, "अहो, पण याला टोपात घातला कोणी?"

मागून बांगड्या वाजल्या. काकी दारात उभी होती, पदर खोचून, आवाज चढवून.

"मी घातला. अट माझी होती, मोडली पन मीच. तुमी कोन इचारनारे? बसा, चा टाकते."