ड्रायरमधले लोकरीचे गोळे

गंगापूर रोडच्या लाँड्रीवाल्या मावशी जुने स्वेटर उसवून घट्ट गोळे वळतात आणि ओल्या कपड्यांबरोबर ड्रायरमध्ये सोडतात. गोळे आत धपाधप आपटतात आणि कपडे मऊ करतात, त्यासाठी ड्रायरमध्ये टाकतात तो रसायन लावलेला सुगंधी कागद लागतच नाही. मावशी त्या तालावर मान डोलवत घड्या घालतात. एखादा गोळा अभ्र्यात बसून कुणाच्या तरी घरी जातोच, मग गिऱ्हाईक तो परत आणून देतं.

मी चळवळीची पत्रकं वाटणाऱ्यांच्या घरात वाढलेली. सुगंधी रसायनांविरुद्धचं माझं पत्रक मी त्यांना मोठ्या आवेशात दिलं. "वाचते गं. आधी तुझ्या अभ्र्यातला माझा गोळा आण," म्हणाल्या.

एकदा भर पावसात एका लॉजचे मॅनेजर आले, गळ्यात लाल मफलर, डोकं चिंब. "मावशी, आमच्या टॉवेलांना वास येत नाही. सुगंधी कागद टाका, नाहीतर काम बंद."

मावशींचा पावसाळा त्या टॉवेलांवरच चालतो. मी भाषणाला तोंड उघडलं. तेवढ्यात मावशींनी एक ऊन ऊन टॉवेल मॅनेजरांच्या डोक्यावर टाकला आणि न्हालेल्या पोराचं पुसावं तसं खसाखसा पुसलं.

"अहो मावशी! अहो!"

"कागद टाकून त्याचा मेणचट थर बसला असता तर पाणी असं टिपलं असतं का? सांगा की!"

मॅनेजर टॉवेलातून बाहेर आले ते केस उभे करूनच. आधी तेच हसले, मग आम्ही. "मऊ आहे खरा," ते म्हणाले. "पण वास..."

"तो मफलर लोकरीचा आहे का हो?" मावशींनी विचारलं.

आज ड्रायरमध्ये लॉजचेच टॉवेल फिरताहेत आणि त्यांच्यात एक लालभडक गोळा उड्या मारतोय.